पासंग

मूळ किंमत सहाशे. त्यावर लाल रेघ मीच मारली,
पट्टी न लावता.
खाली लिहिलं चारशे, चवथीनंतर अडीचशे,
आणि आज डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात
पुठ्ठ्यावर फक्त एवढंच:
दोनांवर एक फुकट.

नाणं चांदीचं नाही.
चांदीचं पाणी दिलेलं.
एका बाजूला होडी,
दुसऱ्या बाजूला माझा बाप.

बाप म्हणजे खरं तर माझा धाकटा भाऊ.
बाबुसो तारी या माणसाचा फोटो कुणी काढलाच नव्हता.
कोल्हापूरच्या साचेवाल्याने चेहरा मागितला
तेव्हा समितीने गुरुदासला बाजूने उभा केला,
मुंडासं बांधलं, म्हणाले, हनुवटी वर.
भावाची चाळीस वर्षं साचेवाल्याने कानशीने घासून काढली,
पण त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती,
म्हणून हजार नाण्यांवर
बापाचा गाल किंचित सुजलेला आहे.

शाणू वळवईकर, आमचे अध्यक्ष, हिशेब मांडतात:
धक्क्यावर काळा दगड, त्यावर अक्षरं, भोवती साखळी.
सगळी खपली असती तर कठडासुद्धा झाला असता.
खपली एकशे बारा.
उरलेली माझ्या पलंगाखाली.
रात्री मी कूस बदलली की
डब्यांतून तो खुळखुळतो.

कदंबात अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो मी,
वाळपई, साखळी, डिचोली, पणजी.
नाणं तळहातावर पडलं की न बघता सांगायचो
रुपया की आठाणे.
हे नाणं हाताला कळत नाही.
याचे कुणी सुटे मागत नाही,
यावर चहा येत नाही.
एक बाई म्हणाली, हे देव्हाऱ्यात ठेवायचं का?
म्हटलं, ठेवा.
एका पोराने विचारलं, काका, हा कुठला राजा?

मग मी सांगायला लागतो:
पुराची रात्र, नार्वेचा धक्का,
सहा खेपा सुखरूप, सातवीला दावं सुटलं,
होडी तिसऱ्या दिवशी सापडली, तो नाही.
मी तेव्हा तीन वर्षांचा, गुरुदास आईच्या पोटात.
जे सांगतो ते मलाही कुणीतरी सांगितलेलं,
आणि दर बुधवारी किंमत उतरते
तशा खेपा चढतात.
आज नऊ झाल्या.

दुपारी ऊन ताडपत्रीच्या आत शिरलं.
शाणूबाब जेवायला निघाले, जाता जाता म्हणाले,
कुणी घासाघीस केली तर दोनशेला सोड.

समोर पियेदाद बसते, दिवाडीची, बांगडे घेऊन.
तिचा तराजू जुना. पारडी कधी जुळत नाहीत,
डावीकडे खडा ठेवते, कधी मिठाची पुडी.
उठून आली, ओले हात झग्याला पुसत.
मी दोनशे म्हटलं. ती शंभर.
मी अध्यक्षांचं नाव घेतलं, तिने सायबाचं.
दीडशेवर तुटलं.
नोटा मोजल्या, खवल्यांसकट,
आणि मग, पाठ फिरवता फिरवता, म्हणाली,
"ताणें म्हजे आवयक फुकट पलतडी व्हेल्ली."

कितव्या खेपेत, ते मी विचारलं नाही.

डबी तिने मलाच परत दिली.
नाणं डाव्या पारड्यात टाकलं,
तोंड वर, होडी खाली.
काटा हलला, थोडा आणखी हलला,
मधोमध उभा राहिला.

पासंगालाही पुरत नाही, असं म्हणतात
हलक्या माणसाला.
पुरला.

त्याच्यावर किलोचं माप ठेवून
ती बांगडे जोखत राहिली,
पावशेर इकडे की तिकडे, कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी ताडपत्री गुंडाळताना शाणूबाबांनी विचारलं,
किती सुटली?
एक, मी म्हणालो.
पलीकडे आहे.