अर्धं शटर

मुंतसिर सुदानचा, ओमदुरमानचा.
जवारीच्या काणीवर पीएचडी करतो,
झेरॉक्स माझ्याकडं, बाइंडिंगही माझ्याकडंच.
आला तेव्हा मीच त्याला शहर शिकवलं होतं:
रिक्षात बसायच्या आधी भाव ठरव,
नळाला पाणी कधी येईल हे कुणाला विचारू नको,
मेसमधल्या ठेच्याला मान दे, लांबून.
तो वहीत उतरून घ्यायचा, उजवीकडून डावीकडं,
आणि मी हसायचो.

त्या मंगळवारी अकरालाच शटरं पडायला लागली.
बेगमपुऱ्यात आवाज एकच, पण शंभर ठिकाणांहून.
नेट गेलं, म्हणजे घालवलं.
घाटीत माझी बहीण, आदल्या रात्रीच सिझर झालेलं,
माझ्याकडं डबा: अळिवाची खीर, मऊ भात.
मी म्हणालो, जातो की, माझंच गाव आहे.
तो म्हणाला, "भाऊ, आज नाही. आज कोणाचंच नाही."
त्याचाच प्रबंध शिवत होतो, तो दोरा त्यानं दातानं तोडला
आणि माझ्या पुढं चालायला लागला.

माझ्या गळ्यातला रुमाल त्यानंच काढला.
धुऊन धुऊन रंग गेलेला होता त्याचा,
तरी म्हणाला, थोडा पण नको.
डबा पिशवीतून बाहेर घ्यायला लावला.
पिशवीत काय आहे ते लोक आपल्या मनानं ठरवतात.

मी सावली धरून चाललो होतो, जन्माची सवय.
"उन्हातून चल. सावलीतला माणूस लपलेला दिसतो."
पाय उचलला की दंड धरायचा.
धूर दिसला तसा मी थबकलो, त्यानं नुसता वास घेतला:
"टायर. सकाळचं. ती माणसं आता जेवायला गेली."
एका गल्लीत एकही कुत्रं नव्हतं,
तिथून तो मागं फिरला, काही न बोलता.
दुसरीत एक बाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.
"ती बसली आहे तोवर रस्ता आहे."
पुढं एक मेडिकल, शटर कमरेपर्यंत.
पूर्ण उघडं असेल तो वेडा, म्हणाला,
पूर्ण बंद तो घाबरलेला.
अर्धं आहे ना, त्याला खबर आहे.

हे कुठल्या शाळेत शिकलास, मी विचारलं नाही.

मकाई दरवाज्याच्या पुलावर दहाबारा पोरं. काठ्या.
खाली खाम, वासावरून ओळखायची.
"कुठले रे तुम्ही?"
शहराचं नाव जिभेवर आलं आणि तिथंच अडलं.
नावं दोन आहेत त्याला, आणि पूल एकच.
मुंतसिरनं डबा वर धरला.
"घाटी," म्हणाला. "बाळ."
घाटीला सगळे घाटीच म्हणतात.
काठी बाजूला झाली. एकानं तर विचारलं,
मुलगा का मुलगी?

बहीण म्हणाली, खीर गार झाली.
तो बूट दाराबाहेर काढून उभा, बाळाकडं बघत.
मग त्यानं फोन दाखवला मला.
त्याच्या बहिणीला धाडलेला एकच शब्द.
काय आहे, म्हटलं.
"पोचलीस का."
शेजारी एक टिक. एकच. तारीख मागच्या वर्षीची.

सोडायला निघालो तर हात आडवा केला त्यानं:
"आता डबा नाही. डब्याशिवाय दोघं म्हणजे जमाव."
खिडकीतून बघत राहिलो,
उन्हातून चालला होता, मधोमध, घाई न करता,
पंचक्कीच्या वळणापर्यंत.

चौथ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठवली.
दुकानात त्याचा प्रबंध तसाच, निम्मा शिवलेला,
तुटका दोरा लोंबतोय.
झाडून काढलं, पंखा लावला, शटर पार वर नेलं.
मग काय वाटलं,
कमरेपर्यंत खाली ओढून घेतलं,
लांबून दिसावं म्हणून.