साखरेचा पत्ता

तुर्कू, जानेवारी. सकाळचे नऊ, बाहेर अजून काळोखच.
तळघरातला सायक्लोट्रॉन पहाटेपासून जागा;
त्याची साखर शिशाच्या डब्यातून माझ्यापर्यंत आली
आणि वाटेतच ओसरू लागली आहे.
एकशे दहा मिनिटांत निम्मी.
घाई करायची, पण धावायचं नाही.

त्युने रौतालांपी, वय चौऱ्याहत्तर,
बेटाबेटांवर फिरणाऱ्या टपालबोटीवर एकतीस वर्षं.
उपाशीपोटी आल्यात. कॉफीसुद्धा नाही, म्हणून माझ्यावर रागावल्यात.
मी सुई टोचते, नेहमीचं सांगते:
चाळीस मिनिटं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, हलायचं नाही.
"आणि विचार?" त्या विचारतात.
त्याला माझ्याकडे नियम नाही.

दिवा मंद करून मी दार लोटते.

आत आता ती साखर फिरते आहे,
साखरेसारखीच, फक्त एका जागी ऑक्सिजनऐवजी फ्लोरिन.
जी पेशी कामात आहे तिला भूक आहे,
ती हात पुढे करते, आत घेते, पहिला शिक्काही मारते,
आणि मग कळतं, ही पचणारी नव्हे.
पुढचं दार उघडत नाही, मागे फिरता येत नाही.
तिथेच बसून राहते, किरणं सोडत.
आम्ही मोजतो ते एवढंच: कोण भुकेलं होतं, किती.

पडद्यावर दोन्ही बाजूंना, कानांच्या वर, जरा मागे,
निळं पडलंय. ते अपेक्षित होतं.
डॉक्टर साल्मेला काही बोलत नाहीत, चष्मा पुसत राहतात.
पण डावीकडे, माथ्यापासून थोडा खाली,
एक लाल ठिपका, नखाएवढा.
उजव्या हाताची जागा.

"हात हलवलात?"
"पत्रं होती ना," त्या म्हणतात.
"कुठल्या बेटाची?"
त्या बराच वेळ आपल्या बोटांकडे बघतात.
नावं गेलीत. बोटांना मात्र खण माहीत आहेत,
वरचा, त्याच्या शेजारचा, मग तो खालचा, नेहमी ओला असायचा तो.

अहवालात मी लिहिते: प्रतीक्षेच्या काळात हालचाल.
खोटं नाही ते.

संध्याकाळपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका, मी बजावते,
नातू येणार असेल तर...
"कोण?"

मग त्या कॉफी मागतात.
साखरेचा चौकोनी तुकडा दातांत धरून
बशीतून, जुन्या माणसांसारखी, भुरके मारत पितात.
ही साखर सरळ आत जाईल, जळून जाईल,
कुठल्याच चित्रात येणार नाही.
"अजून एक," त्या हात पुढे करतात.
उजवाच.