बाळंतिणीची मोरी

सातवीत असताना गावकर मास्तरांचा थर्मामीटर
माझ्या हातून फुटला.
मास्तर तालुक्याला गेलेले. आम्ही चौघी ओणव्या,
आणि सारवलेल्या भुईवर पळणारे ते थेंब,
बोट लावलं की दोन, ढकलले की पुन्हा एक.
एक थेंब मी काड्यापेटीत घालून घरी नेला,
दोन रात्री उशाशी ठेवला.
तिसऱ्या दिवशी आईनं झाडलोट केली.
पेटी परसात, परसातून व्हाळात,
व्हाळ खाडीला.
पुढचं मी कधी विचारलं नाही.

आता पन्नाशीला आले. करंजबंदरात आशाचं काम करते,
कुणाचे दिवस भरले, कुणाची लस राहिली,
सगळं माझ्या वहीत.
परवा ग्रामीण रुग्णालयात ट्रेनिंग होतं.
सोलापूरकडची डॉक्टरीण फळ्यावर खडूनं मासे काढत होती,
सगळे सारखेच, फक्त लहान-मोठे,
आणि सांगत होती:
खाडीच्या चिखलात पारा नुसता पडून राहत नाही,
बारीक जीव त्याचं रूप पालटतात,
मग तो कोळंबीत, मांदेलीत, मांदेलीतून सुरमईत,
आणि सगळ्यांत जास्त मोरीत.

मोठा मासा लहान माशाला खातो, हे आम्हाला
पाळण्यापासून पाठ.
पण खाल्लेल्याचं देणं मोठ्याच्या नावावर चढत जातं
आणि ते फेडतं पोटातलं पोर,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मोरीचा उग्र वास चिंचेच्या कोळानं जातो.
हे जात नाही.
तिरफळानं झाकत नाही, उकळून उतरत नाही,
जिभेला कळत नाही.
पोर उशिरा मान धरतं, उशिरा बोलतं,
आणि आपण म्हणतो, बापावर गेलंय.

मागच्या बाकावर मला काड्यापेटी आठवली.
एका थेंबानं काय होतंय, म्हटलं.
मग मोजायला लागले:
दवाखान्याच्या मागचा खड्डा,
होड्यांवरून फेकलेल्या फुटक्या ट्युबा,
आणि नदीच्या वरच्या अंगाला काय काय आहे
ते तर माझ्या वहीत नाहीच.

लिलावाच्या वेळी बंदरावर बोलायला गेले.
‘मासो खाव नको म्हणतंस?
मगे आमी खावचा काय, वाळू?’
भिकाजी तांडेलांचा पारा चढला.
तेवढाच एक पारा आम्हाला ओळखता येतो.
‘ह्या भायर गेला तर माझी पाटी कोण उचलतला?’
त्यांचंही खरं होतं. माझा भाऊ त्यांच्याच होडीवर आहे.
मी म्हटलं, मासा सोडू नका. मांदेली खा, तारली खा,
फक्त पोटुशीला आणि पाजणारीला मोरी नको,
आणि फुटकी ट्यूब पाण्यात नको.
अर्धं बोलणं इंजिनानं खाल्लं.

संध्याकाळी रेवतीकडे गेले. बाळ अकरा दिवसांचं,
मुठी आवळून निजलेलं.
चुलीवर मोरीचं कालवण, खोबरं भाजल्याचा वास,
जानकीकाकू डाव फिरवत होत्या.
‘मोरी खाल्ल्याबिगर दूध कसा येतला गो?
माझ्या सासूनं माका घातल्यान, मी हिका घालतंय.’

मी वही उघडली, मिटली.
डॉक्टरणीचे मासे डोळ्यांपुढे आले, त्यांनी काही होईना.
मग मी काड्यापेटीची गोष्ट सांगितली.
माझ्या आईलाही ती सांगितली नव्हती.

काकू बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिल्या.
उठल्या, शिंक्यावरचं तारल्यांचं तिखलं काढलं,
सुनेच्या ताटात वाढलं.
मोरीची वाटी स्वतःपुढे ओढली.

‘काकू, तुम्हीपण…’
‘माझा काय गो,
माका आता खय कोणाक दूध पाजूचा हा?’

ह्याला ट्रेनिंगमध्ये उत्तर नव्हतं.
बाहेर भरती लागली होती.
व्हाळाच्या तोंडाशी पाणी उलटं आत येत होतं.