निरंक

रकाना चौदा : पूर्वीचे गुन्हे.
मी लिहिते, निरंक.
सतरा वर्षांत हाताला इतकी सवय झाली
की एकदा किराणाच्या यादीखालीही
हाच शब्द उमटला.

बेलापूर, विशेष शाखा, परदेशी नागरिकांचं टेबल.
वरचा पंखा फक्त कागद हलवतो.
तो आला फेब्रुवारीत, ‘नमस्कार’ म्हणाला
जोडाक्षरासकट.
वय एकसष्ट. उजव्या भुवईवर तीळ. लिहिला.
पत्ता : बाळाराम भोईर यांची चाळ, घणसोली.
येण्याचं कारण : वसतिगृहातल्या मुलांना
व्हायोलिन शिकवणे, विनामूल्य.
विचारलं, तिकडे कधी काही गुन्हा वगैरे?
म्हणाला, एकदा गाडी चुकीच्या जागी लावली होती.
तो हसला.
मीही हसले, हे कुठल्या रकान्यात लिहू?

पत्र आलं अकरा महिन्यांनी,
दिल्लीहून मुंबई, मुंबईहून चुकून पुणे,
मग आमच्याकडे, पाठीवर पाच शिक्के घेऊन.
त्याच्या देशातल्या यादीत तो होता.
फोटोसकट, दारावरच्या नंबरासकट.
दर तीन महिन्यांनी चौकीत सही,
शाळेपासून अमुक मीटर लांब राहायचं.
विमानतळावर ते मीटर संपले.
यादीला व्हिसा लागत नव्हता,
तिला कोणी विमानात बसवलंच नाही.

साध्या कपड्यांत गेलो आम्ही.
अधीक्षकांनी चहा मागवला.
भिंतीवर चार व्हायोलिनं, एकाची तार तुटलेली.
जान्या मुकणे, इयत्ता पाचवी, एवढंच बोलला :
“मला नाय वाजवायचा आता.”
आमच्या समुपदेशक बाईंनी वही दिली, खडू दिले.
त्याने पानभर एक दार काढलं
आणि कडी काढताना
खडू मोडेपर्यंत गिरवत राहिला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दिराच्या जाळ्यात
करावे खाडीत एक रोहित अडकला.
फोनवर ओरडत होता :
“याचे पायान कडी हाय गो वैनी, वर आकडं हायत!”
आकडे मी पक्षीवाल्यांना कळवले.
चौथ्या दिवशी उत्तर :
कुठल्या पाणथळीत, कुठल्या तारखेला,
कोणी अडकवली, तेव्हा वजन किती.
दिराने तोवर त्याला सोडून दिलं होतं.

साहेब म्हणतात,
सजा भोगून झाली ना, मग माणसाने
ती किती वेळा भोगायची?
साहेबांचं चुकत नाही.
हेच वाक्य मी घरात बोलले होते,
मामाचा मुलगा सुटून आला तेव्हा.
सहा वर्षं आत होता. कशासाठी,
ते आमच्याकडे कोणी उच्चारत नाही.
दारावेत त्याला कोणी खोली देईना,
मामी माझ्या पदराला धरून रडली.
मी म्हटलं, माणसाला एक कोरं पान द्यावं.
त्याच्या पासपोर्टचा पडताळणीचा कागद
टेबलावर आला त्या दिवशी मी रजेवर होते.
रजा मीच टाकली होती.
कागद आधीच पाहून.

जान्यानंतर एकदा मी
रकाना चौदात ‘माहीत नाही’ लिहिलं.
फॉर्म परत आला. शेऱ्यात :
असा शब्द नमुन्यात बसत नाही.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
हाताला सवय आहे.

मामेभाऊ आता मस्कतला असतो.
बस चालवतो, पैसे वेळेवर पाठवतो,
मामीने ओट्याला नवी फरशी घातली.
कसली बस, मी विचारलेलं नाही.

आज डबा न उघडता फोन लावलाय.
रांगेतला सुदानचा विद्यार्थी
फायलीने वारा घेत उभा आहे.
घंटा वाजतेय.
इथे अडीच वाजलेत.
म्हणजे तिकडे एक.
शाळा सुटायची वेळ.