अकरा केव्हीच्या वाटेनं

शाळेच्या पटांगणात चौऱ्याहत्तर सायकली,
बहुतेक अशा की बोटावर तोलाव्यात.
माझी लोखंडाची,
तुमसरच्या भंगारवाल्याकडून साडेचार हजारात,
पुढचा शॉकअप नुसता दाखवायला.
पाठीवर सेफ्टीपिनांनी टोचलेला आकडा : एकशे सतरा.
चौऱ्याहत्तर जणांत एकशे सतरा कसा, मी विचारलं.
पोरगा म्हणाला, काका, तसंच रायते ते.

नागपूरच्या मुलांच्या पिंढऱ्या तुळतुळीत,
ती पाकिटातून काहीतरी गोड चोखतात.
माझ्या खिशात फुटाणे, गुळाचा खडा,
आणि पक्कड.
पक्कड कायले, हिवराज म्हणाला,
आज त सुट्टी हाय ना तुयी?
सवय, म्हटलं.

शिट्टी. धूळ.
पहिले तीन किलोमीटर धुऱ्यांवरून,
दोन्हीकडे कापलेल्या धानाची खुंटं,
खुंटांमध्ये निळी लाखोळी.
पुंजण्यापाशी बसलेल्या दोघींपैकी
एक दुसरीला विचारते, कोठी आग लागली वो?
दुसरी विडा थुंकते, म्हणते,
आगीकडं कोणी एवढ्या जोरात जाते का बाई.

मग मोहाची रांग संपते आणि चढ लागतो.
इथून मला वाट ठाऊक आहे,
वाट म्हणून नाही, लाईन म्हणून.
एकोणचाळीस नंबरचा खांब : इथं मधमाश्यांनी मला उतरवलं होतं,
शिडीची वाट न पाहता.
त्रेचाळीस : वाकडा, ठेकेदाराची कृपा.
अठ्ठेचाळीसवर भर पावसात, रात्री दोन वाजता
मी जंपर बांधत होतो,
खाली टॉर्च धरून दुलीचंद,
जो आता नाही.
म्हणजे आहे, तिरोड्याला बदली झाली.

खांबाला खांब जोडत चढलं
की डोंगर साठ-साठ मीटरचा होतो.
साठ मीटर माणूस कसाही जातो.
बावन्नला गियर पडेना.
त्रेपन्नला उतरलो, ढकलू लागलो.
छाती डीपीसारखी घुमत होती
आणि ओव्हरलोड कशाला म्हणतात
ते मी इतकी वर्षं बाहेरूनच पाहिलं होतं.

वर जुन्या खाणीचा ढिगारा,
मँगनीजची माती, काळी, मधूनच चमकणारी,
टायरखालून सरकणारी.
उतारावर ब्रेक सोडू नका, सांगितलं होतं.
मी सोडला नाही, तोच मला सोडून गेला :
मागची वायर पटकन तुटली.
वायर.
वीस वर्षं लोकांच्या वायरी जोडतोय.
पक्कड होती,
जोडायला हातभर तार नव्हती.

उजवा बूट जमिनीवर घासत,
बोंबलत,
येनाच्या दोन झाडांमधून कसा निघालो
ते झाडांनाच विचारा.

खाली नाल्यात एक तुळतुळीत मुलगा
सायकल खांद्यावर घेऊन चालत होता,
मागचा गियर पळसाच्या मुळाशी मोडून पडलेला.
काका, पंप आहे का, म्हणाला. चाकातही हवा नव्हती.
पंप नाही, गूळ आहे, म्हटलं.
त्यानं घेतला.
मग मी त्याच्या पुढं निघून गेलो
आणि मला आनंद झाला.
लहान, हलकट, चांगला खणखणीत आनंद.
तो लपवून काय करू?

शेवटच्या वळणावर लाऊडस्पीकर,
झनकलाल राहंग... रंगा... डाले, एकसष्टावे!
टाळ्या मोजून सात-आठ, त्यात हिवराजच्या चार.
मी मान वर केली आणि दिसलं :
स्पीकरची वायर बांबूवरून चढत
थेट आमच्या लाईनवर गेलेली.
आकडा.
त्यांनी तारेवर टाकलेला,
माझा पाठीवर.
रीतसर पंचनामा, दंड, सगळं मला पाठ आहे.

हिवराज माझ्याकडे पाहत होता.
मी पोह्यांची प्लेट घेतली,
तारेकडं पाठ करून बसलो.
तर्री बरी होती,
थोडी तिखट कमी.