नववा भाग

शिवणखोलीत माझ्या वाट्याला बगळे आले.
एकशे चाळीस बगळे, राखाडी लोकरीवर पांढरा दोरा,
चोच डावीकडे. डावीकडेच, असं वरून लिहून आलेलं.
रानडुकरं डुव्हिनाकडे. तिचे टाके जाड, डुकराला चालतात.

आमचं गाव अँट्रिमच्या किनाऱ्यावरचं, लिननचं.
गिरणी बंद पडली तेव्हा मी एकोणतीसची होते,
नंतर सुई हातात आली ती बटणांपुरती.
मग मालिकावाले आले. जुन्या खाणीत
प्लायवुडचा किल्ला उभा केला
आणि अख्ख्या गावाला रोजंदारीवर मरायला बोलावलं.

दिवसाचे ऐंशी पाऊंड, जेवण वेगळं.
आडवं पडायचं असेल तर दहा जास्त. चिखलाचे.

त्या दोन घराण्यांचं वैर कशावरून, मला नीट कळलं नाही.
कुणाच्या तरी पणजोबाने कुणाचा तरी पूल अडवला होता.

बगळा कोण, डुक्कर कोण, हे मापावर ठरलं.
छाती बेचाळीसच्या वर गेली की डुक्कर.
त्यामुळे झालं काय, की नदीपलीकडचे मॅकिअरनन
आणि नदीअलीकडचे ग्रेसी,
जाडे तेवढे सगळे एका झेंड्याखाली आले,
आणि एकमेकांकडे न बघता
एकाच पेटाऱ्यातून रबरी तलवारी उचलू लागले.

इथे नुसतं आडनाव ऐकलं की चर्च कळतं, शाळा कळते,
पाव कुठल्या दुकानातला तेसुद्धा.
मापाच्या फितीला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी किल्ला पडला.
आर्टी ग्रेसी आणि डोनल मॅकिअरनन, दोघं सत्तरीचे,
दिग्दर्शकाने शेजारी शेजारी पाडले.
आर्टीचा हात डोनलच्या छातीवर. अजून थोडा वर. हां.
आता हलायचं नाही.

सहा तास. होजपाइपचा पाऊस.
मी कडेला घोंगड्या घेऊन उभी होते,
मला दिसत होतं, मढी बोलत होती,
ओठ न हलवता, प्रवचनात पोरं बोलतात तशी.

संध्याकाळी आर्टीला विचारलं, काय गं एवढं... काय रे एवढं बोलत होता?
(चिखलात बाप्या-बाई ओळखू येत नव्हती.)
म्हणाला, गुडघ्यांचं.
जोडे काढता काढता म्हणाला,
आणि त्याच्या भावाचं, थोडंसं.

भाऊ म्हणजे मॅनस. बहात्तर साली.
दुधाची गाडी, टेकडीचं वळण.
माझ्या वडलांनी त्याला उचलून रस्त्याकडेला आणलं होतं.
रात्री आईने त्यांचा शर्ट सिंकमध्ये घातला.
मी किटली घेऊन गेले, तर हात धरला तिने.
गरम नाही, म्हणाली. गरम पाण्याने रक्त धाग्यात मुरतं.
थंड पाणी. आणि मीठ.
मी अकरा वर्षांची होते, मला वाटलं
हे सगळ्याच मुलींना शिकवतात.

वसंतात तो भाग लागला.
डुव्हिनाकडे जमलो, खुर्च्या कमी, सँडविचेस जास्त.
चार दिवसांची लढाई अकरा सेकंदांत आटपली.
आर्टीची एक बाही दिसली. डोनलचा जोडा,
तोही डोनल म्हणाला म्हणून त्याचा.
माझे बगळे धुरात गेले.

मग शेवटी राणी, एकटी,
मेलेल्या लेकाचा झगा धुते.
परात वाफाळलेली, वाफेत मेणबत्ती, पाणी लाल होत जातं.
फार सुंदर घेतलंय, खोटं कशाला बोलू.
खोलीत कुणी चहाचा घोटही घेईना.

अगं बाई, थंड घे पाणी,
मी म्हटलं. पडद्याला. मोठ्याने.

कुणी हसलं नाही.
कोपऱ्यातल्या खुर्चीतून डोनल म्हणाला, मीठ घाल म्हणावं,
आणि आर्टीने बशी खाली ठेवली.

मग नावं आली, भराभर वर जाणारी,
त्यात आमचं गाव होतं म्हणतात.
मी चष्मा शोधत होते.