भागलेली

निझव्याबाहेर, खजुरीच्या बागांना लागून
तीन गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट,
अरबीसाठी सोबत रय्या,
तिच्या चपला माझ्याहून जास्त झिजलेल्या.

प्रश्न एकेचाळीस: आणखी मूल हवंय का?
हो, आत्ता. हो, दोन वर्षांनी. नको.
सांगता येत नाही.

जुवैनाला सात मुलं, वय एकोणचाळीस.
कहवा ओतत म्हणाली,
मूल हवंय. झोपही हवीय.
असा चौकोन आहे का तुझ्याकडे?
मी पेला रिकामा केला, तिने भरला,
रिकामा केला, पुन्हा भरला.
रय्याने खालून कोपर मारलं:
पेला हलव. हलवला नाहीस
तर ती ओततच राहील.
इथे पुरे म्हणायची ही खूण.

मी हलवला. जुवैना थांबली, लगेच.
मग आपल्या पेल्याकडे बघत बसली थोडी.
हलवला असेल तिनेही कधीतरी,
अंधारात कुणाला दिसला नसेल.

मुबीना परकार दापोलीची, नवरा टायरच्या दुकानात.
साधन वापरता? हो, गोळी.
हिरवी खूण: गरज भागली.
सगळं मराठीतच झालं, पाच मिनिटांत,
वर बोरं-मीठ दिलं मला, माहेरहून आलेलं.
दारात चपला घालताना म्हणाली,
डोकं ठणकतं गो रोज. उलटीसारखं होतं.
दुसरं काही मिळत नाही का?
टॅब्लेट तोवर पिशवीत गेली होती.

तिसऱ्या गल्लीत मोठं निळं फाटक.
मॅडमनी स्वतःची उत्तरं नीट दिली.
आणि ही? मी विचारलं.
ही कामाला आहे, एकटी आहे.
पडद्यावर आलं: पात्र नाही.
कचऱ्याची पिशवी घेऊन तिगिस्त आमच्यामागे फाटकापर्यंत आली,
तुटक्या अरबीत रय्याशी भरभर बोलली.
पुढल्या महिन्यात सुट्टी. दोन वर्षांनी.
नवऱ्याकडे तीस दिवस.
परत येताना तपासणी असते,
पोट रिकामं नसेल तर नोकरी नाही.
काहीतरी द्या.
माझ्याकडे फक्त प्रश्न होते,
त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता.
रय्याने दवाखान्याचा पत्ता
तिच्या तळहातावर पेनने लिहिला.
तिने मूठ मिटली, पिशवी टाकली, आत गेली.

संध्याकाळी फलजच्या काठावर बसलो, पाय पाण्यात.
जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर
इथले म्हातारे अजून वाटण्या सांगतात,
कुणाच्या बागेला किती वेळ पाणी.
बाबा पाटकरी होते आमच्या कालव्यावर.
वहीत लिहायचे: पाळी दिली.
शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं का
याला त्या वहीत रकाना नव्हता,
रात्री मात्र कंदील घेऊन जायचे बघायला,
आई चिडायची.
आमच्यात पाण्यालाही पाळी म्हणतात, आणि त्यालाही,
हे रय्याला समजावता समजावता
दोघी इतक्या हसलो की वरून एका म्हाताऱ्याने
खाकरून दाखवलं.

रात्री साहेबांचा फोन. आकडा उत्तम आलाय,
शंभरातल्या बऱ्याच जणींची भागलीय.
मी म्हटलं, हो सर.
भागली म्हणजे पुरली. भागली म्हणजे दमलीसुद्धा,
दिवसभर उभी राहिलेली बाई म्हणते तशी.
आणि शाळेत भागलं की
खाली बाकी लिहायला लागायची,
नाही लिहिली तर गुण कापायचे गुरुजी.
हे सगळं फोनवर कसं सांगणार.

पण त्याआधी, काठावरच,
रय्याने टॅब्लेट माझ्याकडे वळवली होती.
तुझं वय बसतं की यात. बेचाळीस ना?
मी एकेचाळिसावा प्रश्न वाचला,
जसा काही पहिल्यांदाच.
शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं.
बोट ओलं होतं.
पडद्याने ते घेतलंच नाही.